दोन बाबांचा उन्हाळा

त्या उन्हाळ्यात आमच्याकडे दोन बाबा होते. एक माझे वडील. ते आठवडाभर ऑकलंडला, सँडरिंगहॅमच्या आमच्या घरी एकटे राहायचे आणि शनिवारी सकाळच्या फेरीबोटीने वायहेकी बेटावर यायचे. दुसऱ्या यर्काबाई. त्यांच्या घरामागच्या खोलीत आई, मी आणि माझी धाकटी बहीण इरा राहत होतो. यर्काबाईंच्या मुलखात आजीला बाबा म्हणतात. सुट्टीच्या दिवशी त्यांची नातवंडं यायची आणि 'बाबा, बाबा' करत दिवसभर त्यांच्या मागे फिरायची. पहिल्या शनिवारी माझे वडील बॅग घेऊन फाटकातून आत येत होते, तेवढ्यात मागून कुणीतरी 'बाबा' अशी हाक मारली. ते हसत वळले, हातही थोडा पुढे केला, आणि एक सोनेरी केसांची मुलगी त्यांच्या बाजूने पळत जाऊन म्हातारीच्या कमरेला बिलगली. आम्ही सगळे हसलो. बाबाही हसले, पण जरा उशिरा.

आम्ही वायहेकी बेटावर गेलो ते सहलीला नव्हे, आईच्या नोकरीसाठी. पुण्यात आई फार्मसिस्ट होती, एका मोठ्या दवाखान्याचं औषधांचं दुकान एकटी सांभाळायची. इथे आल्यावर तिची पदवी कपाटात गेली आणि ती एका औषधांच्या दुकानात काउंटरवर सनस्क्रीन आणि खोकल्याची औषधं विकू लागली. इथली परीक्षा द्यायची, मग वर्षभर कुणाच्या तरी हाताखाली काम करायचं, मग कुठे नावापुढे फार्मसिस्ट लागणार. ते 'पुढच्या वर्षी' करता करता चार वर्षं गेली होती. त्या डिसेंबरात मालकाने विचारलं, बेटावरच्या शाखेत सुट्टीपुरती जाशील का. उन्हाळ्यात तिथली वस्ती फुगते, माणसं कमी पडतात. आईने घरी येऊन विचारलं नाही, सांगितलं. बाबा म्हणाले, मुलींना समुद्र मिळेल, जा. त्यांच्या मनात तेव्हा दुसरंच काही चाललं होतं. त्यांच्या कंपनीत पुन्हा एकदा रिस्ट्रक्चरिंगची भाषा सुरू झाली होती आणि पुण्याहून एका जुन्या मित्राने हिंजवडीत चांगल्या जागेसाठी बोलावलं होतं. मार्चपर्यंत या, असं तो म्हणत होता. बाबांनी पुण्याला काका-आत्यांना फोनवर सांगूनही टाकलं होतं की आम्ही येतोय. आई फोनवर काकूला म्हणायची, "बघू." पुण्याचा माणूस 'बघू' म्हणाला की त्याचा अर्थ काय होतो हे खरं तर बाबांना कळायला हवं होतं.

यर्काबाई सत्तरीच्या होत्या. ठेंगण्या, रुंद, उन्हाने तांब्यासारख्या झालेल्या, बारा महिने काळा झगा आणि पायात जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला. त्या जन्मल्या युरोपच्या दक्षिणेला, दाल्मेशियाच्या किनाऱ्यावरच्या एका लहानशा बेटावर, आणि विशीच्या आत लग्न करून इकडे आल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्याने लावलेली द्राक्षं आणि ऑलिव्हची झाडं टेकडीवर होती आणि ती आता मुलगा बघायचा. इकडची माणसं यर्काबाईंच्या टेकडीवर येऊन म्हणायची, अगदी भूमध्य समुद्राच्या काठी आल्यासारखं वाटतं. त्या मान डोलवायच्या आणि लोक गेल्यावर आईला म्हणायच्या, यांनी तिथलं ऊन पाहिलेलं नाही.

आईचं आणि त्यांचं जमलं ते पाण्यावरून. बेटावर नळयोजना नाही. छपरावरचं पावसाचं पाणी टाकीत साठवायचं आणि तेच पुरवून वापरायचं. आमच्या आधी त्या खोलीत उतरलेली माणसं शॉवरखाली गाणी म्हणत उभी राहायची म्हणे, म्हणून यर्काबाईंनी आल्याआल्या बाथरूमचं दार दाखवून बोट वर करून दम भरला. आईने शांतपणे एक बादली आणि प्लास्टिकचा मग मागितला. आम्ही तिघी दोन बादल्यांत आंघोळी उरकतो हे पाहिल्यावर यर्काबाईंनी त्याच संध्याकाळी आम्हाला त्यांच्या स्वयंपाकघरात जेवायला बोलावलं. त्यांनी एक पालेभाजी केली होती, बटाटा घालून, ऑलिव्हच्या तेलात भरपूर लसूण परतून. आईने एक घास घेतला आणि मला मराठीत म्हणाली, ही आपलीच भाजी आहे, फक्त मोहरी राहिली. दुसऱ्या दिवशी तिने फोडणी देऊन तीच भाजी करून नेली. यर्काबाईंनी तडतडलेली मोहरी दातांखाली चावून बघितली, थोडा वेळ विचार केला आणि पुन्हा वाढून घेतली.

त्या घराचे आवाज मला अजून ऐकू येतात. सकाळी टाकीत पडणारा शेवटचा थेंब, त्याचा आतून येणारा पोकळ आवाज. फाटकाशी पोहुटुकावाच्या झाडाचा लाल फुलोरा गळून जमिनीवर सडा पडलेला असायचा, तो झाडताना यर्काबाईंचा खराटा. दहा वाजले की सिकाडा नावाचे किडे झाडांवर एकसुरात कर्कश ओरडायला लागायचे, इतके की फोनवर बाबा विचारायचे, तिकडे करवत चालू आहे का. दुपारभर टेकडीखालून सुट्टीवाल्यांचा गलका वर येत असे. त्या महिनाभरात बेटावर दर आठवड्याला काहीतरी असायचं. कधी वाळूचे किल्ले करायची स्पर्धा, त्यात इराने शिवनेरी केला आणि परीक्षकांनी त्याला ड्रॅगन समजून उत्तेजनार्थ बक्षीस दिलं. कधी ओहोटीच्या ओल्या वाळूवर घोड्यांच्या शर्यती. कधी द्राक्षमळ्यात गवतावर गोधड्या टाकून ऐकायचं गाणं. इरा त्या उन्हाळ्यात पूर्णपणे इथली झाली. आई मराठीत विचारायची, भूक लागली का, आणि ती टॉग्जमधलं, म्हणजे पोहायच्या कपड्यांतलं, पाणी निथळत उत्तर द्यायची, "हीप्स." म्हणजे खूप. संक्रांत भर उन्हाळ्यात आली. तीळ उष्ण, थंडीत खायचे, हे सगळं शास्त्र गुंडाळून आईने छत्तीस डिग्री असल्यासारख्या वाटणाऱ्या त्या स्वयंपाकघरात तिळगूळ वळला आणि दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांना वाटला. यर्काबाईंना तिने त्याचा अर्थ सांगितला, तेव्हा त्यांनी विचारलं, आणि गोड बोलायचं नसेल तर खायचा की नाही?

आई पोहायला शिकते आहे हे मला आधी माहीत नव्हतं. एका सकाळी मी लवकर उठले आणि टेकडी उतरून खाली गेले, तर भरतीच्या निवांत समुद्रात यर्काबाई कमरेइतक्या पाण्यात उभ्या होत्या, काळा झगा पाण्यावर छत्रीसारखा फुगलेला, आणि त्यांच्या पंजावर माझी आई पाठीवर आडवी होती. डोळे मिटलेले. यर्काबाई तिला काहीतरी सांगत होत्या, आणि बोलता बोलता त्यांनी हात काढून घेतला. आई तशीच राहिली. मी हाक मारली नाही. माझी आई बाजीराव रस्त्याला वाढलेली, तिने समुद्र पाहिला तो कॉलेजच्या सहलीत, तोही साडी सावरत. नंतर मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, यर्काबाईंना एकटीला पोहायचा कंटाळा येतो म्हणून जाते. मग काही दिवसांनी बेटावरच्या सेकंडहँड दुकानातून तिने निळे टॉग्ज आणले, गुडघ्यापर्यंत येणारे, आणि ते दोरीवर वाळत टाकताना दोन टॉवेलांच्या मधे दिसणार नाहीत असे टाकायची. शनिवारी ते दोरीवर नसायचे.

आता आईचं तेव्हाचं वय मी ओलांडलं आहे, तेव्हा लपवण्याचा अर्थ थोडा कळतो. बाबा वाईट म्हणाले नसते. ते 'अरे वा' म्हणाले असते, कौतुक केलं असतं, पुण्याला फोन करून सांगितलं असतं. तिला ते नको होतं, इतकंच.

जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी यर्काबाईंच्या लोकांचा उत्सव असायचा. मूळचा तो त्यांच्या बेटावरचा, भर ऑगस्टातला, तिथल्या गावच्या संताचा. इथे ऑगस्टात हाडं गोठतात, म्हणून या लोकांनी तो उचलून जानेवारीत आणला होता. संताला चालतं का, असं इराने विचारलं, तर यर्काबाई म्हणाल्या की संत आमच्याबरोबर बोटीने आला तेव्हाच त्याला सगळं समजावून सांगितलंय. त्या दिवशी सगळीकडून त्यांची माणसं जमली. सकाळी संताची लाकडी मूर्ती फुलांनी सजवून मच्छीमार बोटीत ठेवली आणि खाडीला एक फेरी घातली. बाकीच्या बोटी भोंगे वाजवत मागे. काठावर द्राक्षाच्या वाळक्या काटक्या पेटवून त्यावर लहान मासळी भाजत होते, तो धूर, ताजा पाव, टोमॅटो. आम्ही मासे खात नव्हतो, आमच्यासाठी यर्काबाईंनी वांगी भाजली. त्याचं आईने तिथेच कांदा-मिरची घालून भरीत केलं आणि ते बघता बघता संपलं.

दुपारी ओंडक्याचा खेळ. लाकडी धक्क्याच्या टोकाला एक लांब सरळ ओंडका पाण्यावर आडवा बांधलेला, त्याला मेंढीची चरबी आणि साबण माखलेला. टोकाला खारवून धुरावलेली डुकराची तंगडी टांगलेली. ओंडक्यावरून उभ्याने चालत जायचं आणि ती काढून आणायची. यर्काबाईंच्या बेटावर शेकडो वर्षांपासून हाच खेळ, आणि हेच बक्षीस. पोरं धावत यायची, दोन पावलं टाकायची आणि हातपाय झाडत पाण्यात. काठावर हशा पिकायचा.

बाबा सकाळपासून गप्प होते. जेवताना यर्काबाईंच्या मुलाने सहज विचारलं, मार्चनंतर बेटावर कधी येणार, आणि बाबांनी सांगितलं की मार्चमध्ये आम्ही सगळे भारतात परत जाणार. यर्काबाईंनी आईकडे पाहिलं. आई पाव मोडत होती, ती मोडतच राहिली. मग बाबा एकदम उठले आणि शर्ट काढू लागले. शाळेत असताना ते तालमीत मल्लखांब करायचे, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. एरंडेल माखलेल्या खांबावर उलटं लटकलेल्या मुलाचा एक फोटोही घरात होता. पण प्रत्यक्षात आम्ही त्यांना संगणकासमोर वाकलेलेच पाहिले होते. आई म्हणाली, "सुधीर, नको. खाली पाणी आहे." ते म्हणाले, सकाळी तिथे मुलं कमरेइतक्या पाण्यात उभी होती, मी पाहिलंय. सकाळी ओहोटी होती. चार वर्षं त्या देशात राहूनही समुद्र चढतो-उतरतो ही गोष्ट त्यांच्या हिशेबात आली नव्हती.

मी इराबरोबर विस्तवापाशी होते, तिथून धक्का लांब दिसत होता. बाबा ओंडक्यावर चढले. तळव्यांना त्यांनी वाळू चोळली होती. ते धावले नाहीत. गुडघे किंचित वाकवून, हात पसरून, पाऊल तिरकं टाकत ते पुढे सरकत गेले आणि काठावरचा गलका हळूहळू थांबला. इतकं लांब तोवर कुणीच गेलं नव्हतं. माझे वडील मला इतके देखणे कधी दिसले नव्हते, त्याआधीही नाही आणि नंतरही नाही. ज्या घरात केकसुद्धा बिनअंड्याचा यायचा, त्या घरचा कर्ता पुरुष डुकराच्या तंगडीकडे हात लांबवून उभा होता. बोटं तिला लागली असं इरा अजून म्हणते. मग त्यांचा पाय गेला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबा पाण्याखाली गेले, वर आले, पुन्हा गेले. दोन पोरं धक्क्यावर वाकून हसत होती. त्यांना वाटलं हा माणूस गंमत करतो आहे. त्या संपूर्ण काठावर आम्हा तिघींनाच माहीत होतं की त्यांना पोहता येत नाही. मी धावायला लागले, आणि तेवढ्यात आईचा आवाज ऐकला, "अहो!" इथे आल्यापासून ती बाबांना नावाने हाक मारायची, 'अहो' पुण्यालाच राहिलं होतं. तिला धक्क्यावरून सलवार-कमीजसकट उडी मारताना मी पाहिलं. खांबाला टांगलेली, बुडणाऱ्यांसाठीची नारिंगी रिंग तिच्या एका हातात होती. ती रिंग पुढे ढकलत, पाय मारत ती त्यांच्यापर्यंत गेली. बाबांनी तिलाच मिठी मारायचा प्रयत्न केला असावा, कारण तिने त्यांना झटकलं आणि त्यांचे हात धरून रिंगवर ठेवले. तोपर्यंत यर्काबाईंचा मुलगाही पाण्यात उतरला होता. दोघांनी त्यांना शिडीशी आणलं. मी पोहोचले तेव्हा बाबा धक्क्यावर ओणवे बसून पाणी ओकत होते आणि आई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती. तिची ओढणी लांब लाटांवर गेली होती.

नंतर यर्काबाईंच्या ओसरीवर बाबा त्यांच्या नवऱ्याचा जुना जाड गाऊन घालून बसले होते. कुणीतरी त्यांच्या हातात कॉफी दिली. खाली उत्सव पुन्हा सुरू झाला होता, कुणीतरी अकॉर्डियन वाजवत होतं. आई ओल्या केसांचं पाणी पिळत पायरीवर बसली होती, मी दाराशी.

"कधी शिकलीस?" बाबांनी विचारलं.

"इथे आल्यावर. सकाळी जायचे."

"मला बोलली नाहीस."

आईने केस मागे टाकले. मग ती म्हणाली, "सुधीर, आमची तिकिटं काढू नकोस."

बाबांना बहुधा नीट कळायला वेळ लागला. आई पुढे फार थोडं बोलली. तुला जायचंय तर जा, मी अडवत नाही. मला तिथे जाऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं नाही. मी या वर्षी परीक्षा देणार आहे. मुली माझ्याजवळ राहतील. आवाज चढला नाही, रडणं नाही. औषध दिवसातून किती वेळा घ्यायचं हे गिऱ्हाइकाला सांगताना ती बोलायची, तसं. बाबा म्हणाले, मी तिकडे सगळ्यांना सांगून बसलोय. आई म्हणाली, हो, माझ्या आधी. मग बाबांनी कॉफीचा कप खाली ठेवला आणि डोळ्यांवर हात धरला. मी आत निघून गेले. यर्काबाई ओट्याशी उभ्या होत्या. त्यांना शब्द कळले नसणार, पण त्यांनी पिठाचे गोळे तळायला घेतले आणि माझ्या हातात झारा दिला.

बाबा मार्चमध्ये गेले. आधी वर्षभरासाठी म्हणून, मग ती नोकरी रुजली आणि ते तिथेच राहिले. आई-बाबांचं लग्न मोडलं नाही, ते दोन देशांत पसरलं. रविवारी फोन, मग पुढे संगणकावर तोंडं बघत बोलणं. इरा सुरुवातीला रोज विचारायची, "व्हेन इज ही कमिंग होम?" आणि आई म्हणायची, डिसेंबरात. ते दर डिसेंबरात यायचे. पहिल्याच वर्षी आम्ही बेटावर गेलो तेव्हा ते न बोलता पाण्यात उतरले आणि मान कासवासारखी वर धरून लांबच्या तरंगत्या पिवळ्या बोयापर्यंत जाऊन आले. पुण्यात महापालिकेच्या तलावावर सकाळी लहान मुलांच्या रांगेत उभं राहून शिकले होते. आईने वाळूवरून बघितलं आणि मला म्हणाली, पाय अजून नीट मारत नाहीत. फेब्रुवारीत ते परत गेले. मला तेव्हा वाटलं होतं की आता राहतील.

आई परीक्षा पास झाली. पुढे वेलिंग्टनला, जॉन्सनव्हिलमध्ये तिला नोकरी मिळाली आणि आम्ही सँडरिंगहॅम सोडलं. यर्काबाई गेल्या तेव्हा त्यांच्या मुलाचा फोन आला. आई एकटी बेटावर जाऊन आली, आम्हाला घेऊन गेली नाही. मी एकदा तिला विचारलं होतं की बाबा त्या दिवशी पाण्यात पडले नसते तर काय झालं असतं. ती थोडा विचार करून म्हणाली, तर मी आठवड्याने सांगितलं असतं.

बाबांनी त्या दिवसाची एक गोष्ट करून ठेवली होती. पुण्यात चार माणसं जमली की ती निघायची. मल्लखांब, चरबी, तंगडी, सगळं रंगवून. शेवटी ते म्हणायचे, "हिने मला बुडताना ओढून काढलं आणि मग सोडून दिलं." लोक हसायचे. माझ्या लग्नाच्या वेळी आई पुण्याला आली होती. केळवणाला आत्याकडे पंगत बसली, आणि बाबांनी पुन्हा तीच गोष्ट सांगितली, तशीच संपवली. यावेळी आई त्यांच्या शेजारच्या पाटावर होती. ती भात कालवत होती. मान वर न करता म्हणाली, "काठावर आणून सोडलं."

कुणी हसलं नाही. बाबांनी तुपाची वाटी ओढली आणि तिच्या भातावर तूप वाढलं.